डिसेंबरात ताडोबाला अस्वलं झोपलेली असतात का?

नाही, नाशिकहून डिसेंबरात निघालात तरी ताडोबातली अस्वलं जागीच असतात. आपलं भारतीय अस्वल शीतनिद्रा घेत नाही. शीतनिद्रा थंडीमुळे नव्हे, तर अन्न संपतं म्हणून घेतली जाते. निफाडचा पारा ५ अंशांखाली गेला की द्राक्षबागायतदार धास्तावतो, पण वारुळातल्या वाळवीचं फारसं बिघडत नाही, आणि या अस्वलाचा मुख्य आहार वाळवी न् मुंग्याच. त्यासाठी त्याची घडणही खास: वरचे मधले दोन पुढचे दात नसतात, नाकपुड्या मिटता येतात. वारूळ नख्यांनी फोडायचं, फुंकरीने माती उडवायची आणि दातांच्या त्या फटीतून किडे शोषून घ्यायचे. हा फुंकण्या-शोषण्याचा आवाज बऱ्याच अंतरावर ऐकू येतो, गाडीचं इंजिन बंद असेल तर. हिवाळ्यात बोरंही असतात. विष्ठेत बोरांच्या आठळ्या दिसल्या तर तिथं अस्वल येऊन गेलेलं असू शकतं.

एक अपवाद मात्र आहे. पिल्लं साधारण याच दिवसांत जन्मतात आणि मादी त्यांच्यासोबत काही आठवडे गुहेत राहते, त्यामुळे अशा माद्या कमी दिसतात. ती शीतनिद्रा नव्हे, बाळंतपण. हिमालयातलं काळं अस्वल मात्र बर्फाळ भागात खरोखर झोपतं.