आईचा मृत्युलेख लिहायचाय, पण 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू'च्या पुढे काही सुचत नाही

आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. अशा दिवसांत लिहायला बसावं लागणं हेच मुळात अवघड. तरी भावंडांनी ते तुमच्यावर सोपवलंय, उद्या संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्राला मजकूर द्यायचाय, आणि तुमच्या तीन अडचणी आहेत: विशेषणांपलीकडे काही सुचत नाही, आजाराचा उल्लेख करावा की नाही कळत नाही, आणि ज्या धाकट्या भावाशी आईचं बोलणं बंद होतं त्याचं नाव घालायचं का, यावर घरात वाद आहे. ओळखीच्यांचे असे मजकूर बरीच वर्षं माझ्याकडे नजरेखालून घालायला येतात, त्यावरून सांगते.

तुम्ही दोन कामं एकात बांधली आहेत, ती आधी सोडवा. उद्या द्यायची ती निधनवार्ता. नाव, वय, कधी गेल्या, मागे कोण आहे, लोकांनी कधी आणि कुठे यायचं. तासाभराचं काम आहे आणि त्यात शैली नकोच. वर्तमानपत्रं यासाठी ओळींवर, शब्दांवर किंवा जागेवर पैसे घेतात, त्यामुळे आटोपशीर असलेलंच बरं. आई कोण होती हे सांगणारा मृत्युलेख वेगळा. तो महिन्याने लिहिला तरी कुणी रागावत नाही. मोठी वर्तमानपत्रं तर नामवंतांचे मृत्युलेख ती माणसं हयात असतानाच लिहून ठेवतात. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेल्या, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलेला लेख मेल गुसो यांनी लिहिलेला होता, आणि गुसो स्वतः २००५ मध्येच वारले होते! व्यावसायिक लोक इतका अवधी घेतात, तर तुम्ही रडत रडत एका रात्रीत का लिहायचं?

आता विशेषणांबद्दल. ती खोटी नसतात, पण कुणालाही लागू पडतात. तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय, की रेडिओवर बातम्या देणाऱ्याने एखादा उच्चार चुकवला की आई स्वयंपाकघरातून मोठ्याने दुरुस्त करायची, आणि पुढे लिहिलंय 'पण असलं काही लिहिता येत नाही ना'. अहो, हेच लिहायचंय. या एका वाक्यात तिचं भाषेवरचं प्रेम आलं, करडा स्वभाव आला, घर आलं. 'कधीही न भरून येणारी पोकळी' खुशाल गाळा. (आजकाल मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राला सांगितलं की ते नेमकी हीच पोकळी भरभरून देतं, म्हणून मसुदा तरी त्याच्याकडून घेऊ नका.)

असे तपशील एका माणसाकडे नसतात, ते गोळा करावे लागतात. 'आई कशी होती?' असं विचारलंत तर पुन्हा विशेषणंच मिळतील. त्याऐवजी विचारा: तिचं कुठलं वाक्य अजून कानात आहे? ती कशावरून चिडायची? तुम्ही अडचणीत असताना तिने नेमकं काय केलं? घराबाहेरच्यांना जरूर विचारा. शेजारीण, वर्गमैत्रीण, कधी नोकरी केली असेल तर जिच्याबरोबर रोज प्रवास केला ती सहकारी. मुलांना आई फक्त आई म्हणून माहीत असते, त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांकडे असतात. जे येईल ते आधी नुसतं टिपून ठेवा. निवड नंतर करा, आणि निवडताना कठोर व्हा; तीनशे शब्दांत दोन प्रसंग नीट मावतात, आठ नाही.

'आई फक्त गृहिणी होती, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काय' असंही तुमच्या एका नातेवाइकांनी म्हटलंय. त्यांना सांगा की हा दोष बघणाऱ्यांचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये कबूल केलं, की १८५१ पासूनच्या त्यांच्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा आहे, आणि राहून गेलेल्या स्त्रियांवर व इतरांवर मागाहून लेख छापायला सुरुवात केली. त्याआधी २०१३ मध्ये त्याच वर्तमानपत्राने इव्हॉन ब्रिल यांच्यावर लिहिलं होतं. उपग्रहांना कक्षेत ठेवणाऱ्या प्रणोदन (म्हणजे रॉकेटसारखा रेटा देणाऱ्या) यंत्रणेची ही संशोधक, आणि लेखाची सुरुवात काय, तर त्या एक पदार्थ झकास करायच्या आणि नवऱ्याच्या नोकरीमागे गावोगाव फिरल्या. टीका झाल्यावर सुरुवात बदलून त्यांचं शास्त्रज्ञ असणं पुढे आणलं. स्वयंपाक कमी प्रतीचा असं मला म्हणायचं नाही. तुमच्या आईची ओळखच हाताच्या चवीची असेल, तर तीच पहिल्या वाक्यात घाला. पण तो कोणत्या प्रकारचा माणूस होता, हे पहिलं वाक्य ठरवतं. ते लग्नाच्या तारखेवर खर्च करू नका.

थोडा खडबडीतपणा राहू द्या. लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये ह्यू मॅसिंगबर्ड १९८६ पासून मृत्युलेखांचं पान सांभाळू लागले आणि सौम्य शब्दांत खरं सांगायची एक रीतच तिथे पडली. 'मैफिलीत रमणारे' म्हटलं की वाचकाने बाटली ओळखायची. आपल्याकडे 'स्पष्टवक्त्या होत्या' हे तेच काम करतं. उच्चार दुरुस्त करणारी आई 'मृदुभाषी' लिहिलीत तर ओळखीचे लोक मनात हसतील. मात्र जुने हिशेब चुकते करायची ही जागा नव्हे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर छापील आरोप करू नयेत.

तारखा आणि नावं कागदपत्रांवरून तपासा, आठवणीवरून नाही. शाळेच्या दाखल्यावरचं वर्ष आणि घरात सांगितलं जाणारं वर्ष पुष्कळदा जुळत नाही. आणखी चाळीस वर्षांनी कुणी पणतू हा मजकूर शोधून काढेल, तेव्हा त्याला विशेषणांपेक्षा माहेरचं नाव आणि गाव हवं असणार. पण हे घरच्या प्रतीत. जाहीर मजकुरात पूर्ण जन्मतारीख, राहता पत्ता आणि आईच्या आईचं माहेरचं आडनाव एकत्र देऊ नका. मृत व्यक्तीच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना एवढं पुरतं. जन्मवर्ष दिलंत तरी भागतं. घराचा पत्ता आणि शोकसभेची वेळ एकाच चौकटीत छापणं म्हणजे घर कधी रिकामं असेल ते जाहीर करणं. लहान नातवंडांची नावं त्यांच्या आईवडिलांना विचारूनच घाला.

आजाराचं कारण देणं बंधनकारक नाही. 'दीर्घ आजाराने' एवढं पुरेसं आहे. आजाराचं नाव सांगावंसं वाटत असेल आणि घरात एकमत असेल, तर एका वाक्यात सांगा, दोन वर्षांची रुग्णालयं नकोत. 'आजाराशी झुंज अपयशी ठरली' मात्र मला अजिबात आवडत नाही. त्या हरल्या असं कशाला म्हणायचं? कुणी आत्महत्येने गेलेल्या माणसाबद्दल लिहिण्यासाठी हे वाचत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना घरच्यांनीही पाळाव्यात: पद्धत लिहू नका, जागा लिहू नका, आणि एकच एक कारण चिकटवू नका. 'अचानक गेली' हे लपवणं नाही. खरं काय ते सांगायचं घरच्यांनी ठरवलं, तरी तपशिलाशिवाय सांगता येतं.

मजकूर झाला की आईला कधीही न भेटलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे अडखळतो आणि काय विचारतो ते ऐका. 'रेडिओ कोण ऐकायचं, त्या की वडील?' असं त्याने विचारलं, तर वाक्य दुरुस्त करायचं.

राहिला भाऊ. माझं मत सरळ आहे: नाव घाला. 'पश्चात' म्हणून जी यादी येते ती नात्यांची नोंद आहे, कुणी किती सेवा केली याचं प्रमाणपत्र नाही. त्याचं नाव गाळलंत तर वाचणाऱ्यांच्या लक्षात फक्त तेवढंच राहील आणि आई बाजूला पडेल. वयाच्या क्रमाने, इतरांसारखंच, कुठलंही विशेषण न लावता एक नाव. आणि शेवटची दोन वर्षं ज्या मदतनीस ताईंनी आईला आंघोळ घातली, भरवलं, त्या नात्यात बसत नाहीत म्हणून सुटायला नकोत. त्यांना विचारून त्यांचंही नाव एका वाक्यात येऊ द्या. भावाला मजकूर कोण दाखवणार हे आज रात्रीच ठरवा. त्याने तो वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचावा असं होऊ देऊ नका.