चरखा घरातून कुठे गेला?

प्रश्न : मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे की औद्योगिक क्रांतीने उत्पादन वाढलं, प्रगती झाली. पण आमचे आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होते, ते म्हणायचे मिल आली आणि माणूस भोंग्याचा गडी झाला. मग पोराला काय सांगू? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : दादा, दोन्ही खरं आहे, पण आजोबांचं वाक्य त्याला आधी सांगा, पुस्तकात नेमकं तेच राहून जातं.

यंत्र आलं ते आधी सुताला. इंग्लंडात १७३३ ला जॉन केने धावता धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा झटकन पार नेणारी युक्ती काढली, विणकराचा हात झपाट्याने चालू लागला आणि सूत पुरेना, कारण एका मागासाठी आधीच चार-पाच जणी चरख्यावर बसायच्या. म्हणून पुढची सगळी डोकी कताईत घुसली, सूत कातायची यंत्रं एकामागून एक आली, हारग्रीव्हजची जेनी, १७६९ ला आर्कराइटची पाण्याच्या जोरावर चालणारी फ्रेम, १७७९ ला क्रॉम्प्टनचं म्यूल. आता नदीच्या पाण्यावर फिरणारं मोठं चाक काही कोणाच्या ओसरीत बसत नाही, मग कामच घरातून उचलून चाकाजवळ नेलं, १७७१ ला क्रॉमफर्डला आर्कराइटची गिरणी उभी राहिली ती अशी.

मला विचाराल तर खरा बदल हाच. घरी कातणारी बाई लेकराला झोका देता देता कातायची, चुलीवर काही उतू गेलं तर उठायची. गिरणीत चाक फिरतंय तोवर उभं राहायचं, लेकरू रडो नाहीतर ताप येवो. आणि लेकरंही तिथेच, तुटलेला धागा जोडायला बारीक बोटं लागतात म्हणून! १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या पोरांना बंदी घातली, म्हणजे तोवर ती कामाला होतीच ना.

आपल्या खान्देशात हे उलट्या टोकाने आलं. विलायती सुताने घरचा चरखा बंद पाडला आणि शेतातला कापूस मात्र बाहेर ओढला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आपल्या कपाशीला असा भाव आला की लोकांनी ज्वारी-बाजरीच्या जागी कपाशी लावली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. सावकाराचं देणं काही त्याच्याबरोबर खाली आलं नाही. तेव्हापासून आपलं वावर सातासमुद्रापारच्या बाजाराला बांधलं गेलं ते आजतागायत. मग रेल्वेच्या कडेने जिन-प्रेस, म्हणजे सरकी काढायचे आणि गाठी दाबायचे कारखाने आले, मिली आल्या.

माझी आजी जिनात जायची, दिवाळी ते होळी. मशीनच्या तोंडाशी बसून हाताने कापूस सरकवायचा, एकीकडे रूई पडायची, एकीकडे सरकी. संध्याकाळी दारात आली की पापण्या-भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आधी पदर झटकायची, मग पाणी प्यायची, आणि रात्रभर खोकायची. तो खोकला मला अजून ऐकू येतो. पण हेही सांगते, दर हप्त्याचे रोख पैसे तिच्या हातात पडायचे, शेतमजुरीत वर्षानुवर्षं ज्वारीच मिळायची, आणि त्या पैशातूनच माझी आई सातवीपर्यंत शिकली. त्यामुळे यंत्र वाईट असं मी पोराला सांगणार नाही, चाक कोणाच्या मालकीचं होतं आणि ते किती तास फिरायचं हे कोण ठरवायचं, एवढं मात्र त्याला जरूर विचारायला लावा.

प्रश्न : कामगारांना रविवारची सुट्टी कधी मिळाली? (एक वाचक, एरंडोल)

उत्तर : १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची धडपड होती, जोतिरावांच्या सत्यशोधक समाजातला माणूस, त्यांनीच गिरणी कामगारांची संघटना बांधली. पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. शेतमजुरांपर्यंत मात्र तो कायदा पोचलाच नाही, आपल्याकडे बऱ्याच गावांत त्यांची सुट्टी अजून बाजाराच्या दिवशीच असते.