डिस्चार्ज कार्डापेक्षा कडक नियम

"डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उत्तम झालं. मग हे घरी आल्यापासून असे का वागतात?"

बायपास असो, कॅन्सरची शस्त्रक्रिया असो की मणक्याची, जोडीदार समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. दुसरा जरा वेळाने येतो, खालच्या आवाजात. "मी एवढं करतेय, तरी माझंच काही चुकतंय का?" सुलभाताईंनीही हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारले होते. त्यांच्या परवानगीने, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

सुलभाताई ठाण्यात पाचपाखाडीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. वय छप्पन्न, घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. यजमान माधवराव नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांमध्ये ब्लॉकेज निघाले आणि बायपास करावी लागली. आठवड्याभरात ते घरी आले. सुलभाताई माझ्याकडे आल्या तेव्हा ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. माधवराव दिवसभर सोफ्यावर बसून असत, बोलत नसत, बोलले तर खेकसत. एकदा तर टीव्हीवर कुणाच्या तरी लग्नाचा प्रसंग बघताना हमसून रडले. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात सुलभाताईंनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"कधी कधी वाटतं, हे हॉस्पिटलमध्ये होते तेच बरं होतं," असं त्या बोलून गेल्या आणि लगेच तोंडावर हात धरला.

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. प्रेम कमी पडल्याचं ते लक्षण नाही. हॉस्पिटलमध्ये रात्रीची जबाबदारी नर्सची असते, घरी ती एका माणसावर येते. त्यातून तो माणूस पाच आठवडे सलग झोपलेला नसेल तर असं वाटणारच.

आधी माधवरावांच्या रडण्याबद्दल. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून उघडतात आणि नंतर तारेने बांधतात. ते हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, पूर्ण भक्कम व्हायला तीन महिनेही लागतात. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढतात त्याला सूज येते, झोप तुकड्यातुकड्यांत लागते, तोंडाची चव जाते. या काळात मन उतरणं, चिडचिड होणं, कारण नसताना डोळे भरून येणं हे इतकं सर्रास दिसतं की डिस्चार्जच्या वेळीच घरच्यांना बसवून सांगायला हवं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकला, माणूस औषधं किंवा जेवण टाळू लागला, "कशाला वाचवलंत" असं म्हणू लागला, तर ते हार्टच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर काढलं तर हृदयाची तब्येतही मागे पडते.

मग मी सुलभाताईंना आदल्या दिवशी सकाळपासून त्यांनी माधवरावांसाठी काय काय केलं ते सांगायला सांगितलं. पाणी हातात दिलं. अंग पुसलं. रिमोट उचलून दिला. फोन काढून घेतला, कारण लोक फोन करून त्रास देतात. महावितरणचं बिल लपवून ठेवलं, कारण आकडा बघून ह्यांचं बीपी वाढेल. बँकेचे व्यवहार पुण्याच्या मुलाने स्वतःकडे घेतले होते. निवृत्तीनंतर जांभळी नाक्यावर जाऊन भाजी आणणं हा माधवरावांचा आवडता उद्योग, त्याचं तर आता नावही काढायचं नाही.

पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्ड घेऊन यायला सांगितलं. त्यात जड वस्तू उचलायची नाही, गाडी चालवायची नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, खोकताना छातीशी उशी धरायची, हे सगळं होतं. पण रोज थोडं थोडं वाढवत चालायचं, तीन बॉलच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करायचा, आंघोळ स्वतः करायची, जिना सावकाश चढायचा, हेही होतं. घरात मात्र यातलं 'नाही'वालं सगळं पाळलं जात होतं आणि 'करा'वालं जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरांपेक्षा सुलभाताईंचे नियम कडक झाले होते. भीतीपोटी हे होतं, मी समजू शकते. पण माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. माणसाच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं की त्याला आपण वाचलो असं वाटत नाही, आपण संपलो असं वाटतं.

तिसऱ्या भेटीला दोघं आले. माधवराव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला माझ्याच घरात पाहुणा करून ठेवलंय हिने." सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माधवरावांना विचारलं, रात्री जाग आली की मनात काय येतं? त्यांनी सांगितलं, उशीवर कान टेकला की स्वतःचे ठोके ऐकू येतात आणि ते मोजत ते पडून राहतात. शिंक आली तर हाड उघडेल या भीतीने नाक दाबून धरतात. हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. "ती आधीच घाबरलेली आहे, तिला कशाला अजून!" आणि त्याच वेळी शेजारच्या पलंगावर सुलभाताई जाग्या राहून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते ऐकत असत.

तेव्हा एक गोष्ट ठरली. संध्याकाळच्या चहाला दोघांनी आज कशाची भीती वाटली ते एकमेकांना सांगायचं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, "काही होत नाही हो" असंही म्हणायचं नाही. बिलं आणि फोन माधवरावांकडे परत गेले. डिस्चार्ज कार्ड फ्रिजवर लागलं. काय चालेल, काय चालणार नाही, यावर वाद झाला तर कार्ड बघायचं. कार्डात उत्तर नसेल तर प्रश्न वहीत लिहायचा आणि तपासणीच्या वेळी माधवरावांनीच तो डॉक्टरांना विचारायचा, सुलभाताईंनी नाही. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांनी एक खुर्ची ठेवली. डॉक्टरांना विचारून कचराळी तलावाला सकाळची फेरी सुरू झाली. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटले तर वेग कमी करायचा, एवढी एक खूण पुरते. पहिले काही दिवस सुलभाताई दंड धरून चालल्या. मग बाकावर बसू लागल्या.

सगळं मात्र इतकं सरळ झालं नाही. या सेवेच्या तळाशी एक राग होता आणि तो निघायला वेळ लागला. ऑपरेशनच्या आधी महिनाभर माधवरावांच्या छातीत जळजळत होतं. ते ॲसिडिटीची गोळी घेत राहिले. सुलभाताई "ईसीजी काढून घ्या" म्हणून मागे लागल्या, तर त्यांच्यावर ओरडले. आता आजारी माणसावर रागवायचं कसं, म्हणून त्या गप्प बसल्या आणि दुप्पट सेवा करू लागल्या. हा राग बोलून टाकावा असं मी सुचवलं. त्यांनी तो सांगितला तेव्हा माधवराव उसळले, "म्हणजे मी मुद्दाम केलं?" ती भेट तिथेच थांबली. पुढच्या भेटीत त्यांनी आपणहून विषय काढला. बँकेत कुणापुढे कधी आजार दाखवला नाही, निवृत्त झाल्यावर लगेच 'पेशंट' व्हायचं नव्हतं, असं म्हणाले. माफी मागितली नाही. सुलभाताईंना तेवढं पुरलं. पुरायला हवं होतं का, हे ठरवणं माझं काम नव्हे.

सुलभाताईंकडेही बघायला हवं होतं. स्वतःची थायरॉइडची गोळी त्या दीड महिना विसरल्या होत्या. नवऱ्याच्या मात्र अकरा गोळ्या वेळच्या वेळी! जोडीदारांनो, आपली औषधं बंद करून कुणाची सेवा होत नाही. मुलगा शनिवारची रात्र ठाण्यात राहू लागला, ती रात्र सुलभाताई दुसऱ्या खोलीत झोपल्या. नातेवाइकांना भेटीची वेळ पाच ते सहा सांगितली. काहींना राग आला, येऊ दिला. शिकवण्या आठवड्यातून दोन दिवस पुन्हा चालू झाल्या.

काही गोष्टींत चहाच्या वेळेची किंवा पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, छातीच्या हाडात कटकट जाणवणं, दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलोने वाढणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखू लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर १०८ ला फोन करा. मनच उठलं असेल, जगण्याचा कंटाळा बोलण्यात येत असेल, तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पेशंटसाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठीही.

एका भेटीनंतर सुलभाताई चपला घालायला बाहेर गेल्या आणि माधवराव मागे रेंगाळले. जवळीक पुन्हा कधी सुरू करता येईल, हे त्यांना विचारायचं होतं. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्याच्या मनात असतो आणि सगळ्यांत शेवटी येतो. दोन जिने बऱ्यापैकी वेगाने चढून छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर साधारणपणे हृदय तेवढा ताण सोसतं. हाड जुळेपर्यंत मात्र छातीवर आणि हातांवर भार येता कामा नये. व्हायग्रासारख्या ताकदीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घ्यायच्या नाहीत. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट औषधांबरोबर त्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. एवढं सांगून मी म्हटलं, हाही प्रश्न वहीत लिहा.

पुढच्या तपासणीला माधवरावांनी तो डॉक्टरांना स्वतः विचारला. सुलभाताई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.