आंबोलीच्या भेकाचा वंशवृक्ष काढण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. कोयना आणि आंबोली येथील भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) एकमेकांपासून केव्हा दुरावले, हा प्रश्न मला मनापासून आवडला. नमुन्यांची यादी पाहून मात्र थबकलो.

कोयनेच्या भेकाची नोंद १९६३ मध्ये ‘ब्यूफो’ या अवाढव्य प्रजातीत (म्हणजे अनेक जातींच्या गटात) झाली होती. पुढे २००९ मध्ये उभयचरांचे अभ्यासक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी ‘झँथोफ्राइन’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि आंबोलीच्या पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाला ‘टायगेरिना’ हे नाव दिले. या दोन ठिकाणांत सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर अंतर आहे. तू केवळ दोन टोकांचे नमुने घेतलेस, तर जनुकीय अंतर मोठे दिसणारच. पण ते खरोखर तुटलेल्या वंशामुळे आहे, की मधले सडे (कातळाची पठारे) तू पाहिलेच नाहीस म्हणून, हे संगणकाने काढलेला वंशवृक्ष सांगणार नाही. म्हणून मधले सडे पायाखाली घाल आणि जिथे भेक सापडला नाही तिथलीही तारीख-वेळ लिहून ठेव.

तू फक्त मायटोकाँड्रियातील (पेशीतल्या ऊर्जाघरातील) १६एस जनुक धरला आहेस. तो आईकडूनच येतो, त्यामुळे पूर्वी कधी संकर झाला असल्यास तो त्यात झाकला जातो. केंद्रकातील दोन-तीन जनुके जोडल्याशिवाय निष्कर्ष लिहू नकोस. काळाचा अंदाज तर आणखी जपून मांड. या प्रजातीचा जीवाश्म हाताशी नसल्याने जनुकीय बदलांवरून काळ मोजणारे घड्याळ दूरच्या नातलगांवरून लावावे लागते. तेव्हा एकच आकडा न देता त्याची किमान ते कमाल अशी पूर्ण मर्यादा छाप.

टायगेरिना अतिसंकटग्रस्त आहे. तीन-चार सेंटिमीटरच्या जिवाचे बोट कापण्याऐवजी तोंडात कापसाचा बोळा हलकेच फिरवलास तरी पुरेसा डीएनए मिळतो. आणि कुपीतल्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनेच लिही. माझ्या पहिल्या मोसमात पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळली. हाती उरल्या त्या निळसर पाण्याच्या अनामिक कुप्या. कोणता सडा, कोणती रात्र, काहीच कळेना.

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज आजच टाक. पावसाळा लागला की हे भेक कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतात. ते दिवस कागदपत्रांत गेले, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागेल.