फुटबॉलची हवा मोजायच्या गेजवर हवा सोडायचं बटन खरंच लागतं का?

बटनवालंच घ्या. तुम्ही विचारलंय की साधं गेज आणि हवा सोडायचं बटन असलेलं गेज यांत शंभर-दीडशे रुपयांचा फरक आहे, मग मुलाच्या टीमसाठी जास्तीचे पैसे कशाला घालायचे, अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही का. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. अंगठ्याने अंदाज येतो हे नागपूरच्या मैदानांवर मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि ते खोटं आहे.

मी बरीच वर्षं गोली म्हणून खेळले, आता पूर्व नागपुरातल्या एका मैदानावर मुलींना गोलकीपिंग शिकवते. बाकीच्यांना बॉल पायाला लागतो, आम्हाला तो बोटांवर घ्यावा लागतो. त्यामुळे हवेचा विषय निघाला की मला गप्प बसता येत नाही.

नियम सांगतो की बॉलमधला दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर हवा, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड). ही झाली नियमाची हद्द. तुमच्या बॉलची हद्द त्याच्यावरच, व्हॉल्व्हजवळ छापलेली असते आणि बहुतेक बॉलांवर ती ०.६ ते ०.८ बार असते. एक बार म्हणजे जवळपास एक अ‍ॅटमॉस्फिअरच. अंगठ्याला बसलेला बॉल आणि भरलेला बॉल एवढाच फरक कळतो. ०.८ आणि १.१ मधला फरक त्याला कळत नाही, कारण अंगठा हवा दाबत नाही, वरचं कव्हर दाबतो. जाड कव्हरचा बॉल कमी हवेतही टणक लागतो, जुना झिजलेला बॉल जास्त हवेतही मऊ लागतो. वीस बॉलांच्या जाळीत दहा तऱ्हेचे बॉल असतात, तिथे अंगठा काय सांगणार?

आता जे घडलं ते सांगते. मे महिन्यातलं समर कॅम्प होतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. कॅम्पची शेवटची मॅच संध्याकाळी पाचला ठेवली होती, पण बॉल दिवसभर स्टोअरमध्ये, आणि स्टोअर म्हणजे टिनाची खोली. कॅम्पची टूर्नामेंट सांभाळत होते ते सर माझे स्वतःचे कोच. माझ्या खेळातलं अर्धं त्यांनीच घडवलंय, हे मी आजही मानते. त्यांनी सकाळी पोरांना मॅचचा बॉल देऊन पंक्चरवाल्याकडे पिटाळलं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर ट्रकच्या टायरला हवा देणारा. पाच नंबरच्या बॉलची जागा जेमतेम साडेपाच लिटरची. व्हॉल्व्हमध्ये पिन, म्हणजे हवा भरायची सुई, टोचली, क्षणभर दांडा दाबला, झालं. दुपारी मी म्हटलं, सर, एकदा गेज लावून बघू द्या. सरांनी अंगठा दाबला आणि म्हणाले, "कायले पायजे तुले गेज? अंगठा हाय ना. मस्त टणटणीत हाय बॉल."

मॅचच्या पहिल्या हाफमध्ये डीच्या (गोलपुढच्या पेनल्टी बॉक्सच्या) थोडं बाहेरून एक सरळ, जोरकस शॉट आला. आमची गोली तेरा वर्षांची. ती नीट शॉटच्या रेषेत आली, हात पुढे घेतले, बॉल बोटांवर आदळला आणि बोटं मागे गेली. बॉल तिने सोडला नाही. मग खाली बसली आणि हात छातीशी धरून ठेवला. एक्स-रेमध्ये करंगळीशेजारच्या बोटाच्या हाडाला तडा निघाला. सगळी पावसाळी स्पर्धा तिने बाहेर बसून पाहिली.

हाफटाइमला मी रेफरीकडे गेले, त्यांची परवानगी घेतली आणि सगळ्यांसमोर बॉलला गेज लावलं. काटा १.२ बारवर. बॉलवर छापलेलं ०.६ ते ०.८, नियमाची वरची हद्दसुद्धा ओलांडलेली. माझ्या गेजवर हवा सोडायचं बटन होतं. पिन आतच ठेवली, काट्यावर नजर ठेवली आणि टिचक्या टिचक्या दाबत तो ०.८ वर आणला. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. दुसऱ्या हाफनंतर दोन्ही टीमच्या पोरी येऊन म्हणाल्या, मॅडम, आता बॉल पायाशी थांबत होता.

साध्या गेजने हेच करायचं तर बघा कसं होतं. गेज लावा, वाचा, काढा. मोकळी पिन टोचून अंदाजाने हवा सोडा, पिन काढा. परत गेज लावा. आता काटा ०.५ वर आलेला असतो, कारण एवढ्याशा बॉलमध्ये सेकंदभराची हवासुद्धा फार असते. मग पंप लावा, परत गेज. प्रत्येक वेळी पिन घालता-काढताना थोडी हवा जाते ती वेगळीच आणि व्हॉल्व्हचं रबर झिजतं तेही वेगळंच. चार-पाच बॉलनंतर कुठलाही माणूस कंटाळून अंगठ्यावर येतो. गेज विकत घेऊन कपाटात टाकून दिलेले कोच मी पाहिलेत, त्यांतल्या बहुतेकांकडे बिनबटनाचं होतं.

सर तेव्हा म्हणाले की बॉलचा काही संबंध नाही, "टेक्निक कच्ची हाय तिची, हाताचा डब्ल्यू बरोबर बनला नोता." डब्ल्यू म्हणजे बॉल घेताना अंगठे जवळ आणून पंज्यांचा होणारा आकार. तो तिला मी शिकवला होता आणि तो बरोबर होता. पुढे म्हणाले, "बॉल म्हनजे बॉल. त्याले काय बीपी हाय का?" सर, त्याला बीपीच आहे. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, रबरी फुगा दाबून दाब जरा जास्तच चढवतात, मग फुग्याजवळचा स्क्रू ढिला करून हळूहळू उतरवतात, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर पारा एवढ्या धिम्या गतीने. चढवताना कुणी आकडा वाचत नाही, उतरवतानाच वाचतात. बॉलचं बटन म्हणजे तोच स्क्रू. थोडं जास्त भरायचं आणि सोडत सोडत आकड्यावर यायचं. चढवत चढवत नेमक्या आकड्यावर थांबणं हातपंपाने वेळखाऊ असतं, कंप्रेसरने तर जमतच नाही.

सरांचा तिसरा मुद्दा जास्त लागला होता. म्हणाले, झोपडपट्टीतल्या मुलांसाठी नागपुरात 'स्लम सॉकर' सुरू करणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये पाहिलेली झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीने पावसात खेळत होती, "त्यायले कोनी गेज देल्लं होतं?" हे उदाहरण नागपुरात कुठल्याही वादात येतं, म्हणून इथेही उत्तर देते. बारसे सरांनी त्या पोरांना बादलीनेच खेळत राहा असं सांगितलं नाही, त्यांच्या हातात फुटबॉल दिला. गरिबीत खेळलेल्या पोरांचा मान राखायचा तर पुढच्या पोरांना नीट भरलेला बॉल द्यायला हवा.

उन्हाचं गणित सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. तापमानाने वाढतो तो आतला एकूण दाब, आणि तोही केल्विनच्या हिशेबात, म्हणजे सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवून. सकाळी २५ अंशाला ०.८ भरलेला बॉल उन्हात ५० अंशाला तापला की गेजवर ०.९५ च्या आसपास दिसतो. त्या दिवशीचा बॉल हाफटाइमला १.२ होता म्हणजे सकाळी पंक्चरवाल्याकडून निघतानाच तो एकच्या वर असणार. भरतानाच चूक आणि वर टिनाची खोली. उलट डिसेंबरात बघा: दुपारी २८ अंशाला ०.७ भरलेला बॉल पहाटे १० अंशाला ०.६ वर येतो आणि पोरं म्हणतात बॉल लीक आहे. लीक नसतो. म्हणून हवा खेळायच्या वेळी, खेळायच्या जागी तपासायची. उन्हाळ्यात ती कमीच करावी लागते, आणि त्यासाठीच बटन.

काही जण विचारतात, मग आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह का नको? तो वेगळा प्रकार आहे आणि वेगळ्या वस्तूंना लागतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा बचावपथकांच्या होड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. हवेने फुगवायच्या होड्यांत दाब अगदी थोडा असतो, साधारण पाव बार, पण आत हवा भरपूर असते आणि होडी उन्हात पडून असते. म्हणून त्यांतल्या अनेकींना ठरलेल्या दाबावर स्वतःच उघडणारा व्हॉल्व्ह बसवतात. तिथे तो शिवण वाचवतो. बॉलला आपला आकडा आपणच ठरवायचा असतो, तिथे बोटाने दाबायचं बटनच बरं.

कोणतं घ्यायचं? दोन गोष्टी बघा. पहिली, डायल किती आकड्यांपर्यंत आहे. शून्य ते वीस पीएसआय किंवा शून्य ते दीड बार घ्या. मोटरसायकलच्या टायरचं शंभर पीएसआयचं गेज बॉलला लावू नका, कारण काट्याच्या गेजची चूक बहुधा पूर्ण डायलच्या टक्क्यांत मोजतात. दोन टक्के म्हटले तर शंभराच्या गेजवर ती दोन पीएसआय होते, विसाच्या गेजवर ०.४. दोन पीएसआय म्हणजे बॉलवर छापलेल्या ०.६ ते ०.८ बारच्या पट्ट्याचा जवळपास दोन-तृतीयांश भाग. दुसरी, ते बटन नेमकं काय करतं ते दुकानातच दाबून बघा. काही गेजांवर आकडा तसाच धरून ठेवायची सोय असते आणि बटन फक्त काटा शून्यावर आणतं. दुकानदार त्यालाही हवा सोडायचं बटन म्हणून विकतो. पिन बॉलमध्ये असताना दाबल्यावर हवा बाहेर आली पाहिजे आणि काटा सोबतच उतरला पाहिजे. तसं नसेल तर घेऊ नका. काट्याचं की डिजिटल, यावर मी भांडत नाही. वाकड्या नळीचं काट्याचं गेज बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये काढलं, त्याला सेल लागत नाही, मला तेच आवडतं.

पिनला दर वेळी ग्लिसरीनचा थेंब लावा. थुंकी लावू नका, पोरं लावतात.

आता राहिलेलं बोलते. बटनाच्या आतली रबरी रिंग आपल्याकडच्या उन्हात वाळते आणि गेज स्वतःच हवा सोडायला लागतं. पिन आत ठेवून बटनाला हात न लावता मिनिटभर काटा बघा. खाली सरकत असेल तर रिंग बदला. गेज टिनाच्या खोलीत ठेवू नका, घरी न्या. तुमच्याकडे एकच बॉल असेल, मुलगा अंगणात खेळत असेल आणि हवा फक्त हातपंपाने भरत असाल तर साध्या गेजवर भागेल. आणि त्या पोरीचं बोट फक्त बॉलमुळेच गेलं असं डॉक्टर म्हणाले नव्हते. शॉट जोरात होता, ग्लोव्हज जुने होते. पण शॉटचा जोर आपल्या हातात नव्हता, नवे ग्लोव्हज त्या दिवशी मिळणार नव्हते. बॉलमधली हवा मॅचच्या आधी दोन बोटांनी कमी करता आली असती, आणि गेज माझ्या बॅगेत होतं.

मॅच असेल तर गेज रेफरीच्या हाती द्या. बॉल नियमात आहे की नाही हे रेफरी ठरवतो, टूर्नामेंटचे सर नाहीत आणि आपणही नाही. माझ्या अनुभवात रेफरी कधी नाही म्हणत नाहीत, त्यांच्याकडे बरेचदा स्वतःचं गेज नसतं एवढंच. तुमच्या मुलाच्या टीमला गोली असेल तर सराव सुरू व्हायच्या आधी त्याच्यासमोर आकडा वाचा आणि मोठ्याने सांगा. आमच्या पोरी आता स्वतःच विचारतात, मॅडम, आज किती.