फुले आणि फुलपाखरे भरायला शिकताना

तुम्ही सोलापुरात राहता आणि भरतकामात (सुई-दोऱ्याने कापडावर नक्षी काढण्यात) फुले-फुलपाखरे भरायला शिकू पाहता, त्यामुळे पहिली नक्षी घरच्या टॉवेलावर किंवा चादरीवर भरावी असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टॉवेलाच्या उभ्या फासांत टाके बुडून जातात आणि जाड चादरीतून सुई ओढताना हात लवकर दुखतो, म्हणून सुरुवात साध्या, घट्ट विणीच्या पांढऱ्या सुती कापडावरच करावी. कापड आधी धुऊन इस्त्री करावे, नाहीतर पुढे ते आटते आणि भरलेला भाग चुरगळतो.

सध्या चार टाके पुरेसे आहेत:
- देठासाठी दांडी टाका (एकमेकांना लागून तिरक्या टाक्यांची रेष)
- पाकळ्यांसाठी लेझी डेझी (टोकाशी छोट्या टाक्याने अडकवलेला एकेक सुटा फास)
- फुलाच्या मध्यासाठी गाठीचा टाका
- फुलपाखराच्या पंखांच्या कडेसाठी साखळी टाका

पंख आतून पूर्ण भरण्याचा मोह तूर्त आवरावा. कडेची साखळी आणि आत दोन-तीन गाठी एवढ्यानेही फुलपाखरू फार देखणे दिसते.

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक बिघडतो तो दोरा. लच्छीतील दोरा सहा पदरी असतो. त्यातील दोन किंवा तीन पदरच घ्यावेत आणि लांबी साधारण 45 सेंटीमीटर ठेवावी, कारण त्याहून लांब दोरा गुंततो व कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याची चमक जाते. टाका ओढून आवळू नये. रिंग (कापड ताणून धरणारी गोल चौकट) काढल्यावर कापडाला चुण्या पडतात त्या बहुधा यामुळेच. एका फुलाकडून दूरच्या दुसऱ्या फुलाकडे मागून दोरा नेऊ नये, तो तिथेच संपवावा.

पहिल्या पाकळ्या लहान-मोठ्या झाल्या तरी उसवू नका, पुढचे फूल भरायला घ्या.