काळ्या मातीत स्वस्त मेटल डिटेक्टर कितपत चालतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेटल डिटेक्टरविषयी वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून आज उत्तरे देत आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले असून स्वस्त आणि मध्यम किमतीची यंत्रे मराठवाड्यातल्या शेतांत स्वतः फिरवून पाहिली आहेत. पुढची मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत.

प्रश्न : कापसाच्या खुरपणीत सुनेची सोन्याची अंगठी शेतात पडली. ऑनलाइन सात-आठ हजारांची मशीन दिसते. तेवढ्याने काम होईल का? (शेतकरी, ता. परतूर)

होण्याची शक्यता चांगली आहे, आणि अशा कामासाठी महागडे यंत्र घ्या असे मी सांगणार नाही. नुकतीच पडलेली अंगठी मातीच्या वर किंवा फार तर दोन-तीन बोटे खाली असते, आणि साधे यंत्रही बंद कड्याची अंगठी चार-पाच इंचांवरून ओळखू शकते. म्हणून तुमची अडचण खोलीची नाही. शोध मोजक्या जागेपुरता आणि शिस्तीने करणे हे खरे काम आहे. त्या दिवशी पिकाच्या कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत खुरपणी झाली, जेवायला कुठे बसले, हात कुठे धुतले, हे सगळ्यांना विचारून आधी जागा ठरवा. मग सुतळीने चार-चार फुटांचे पट्टे आखा आणि यंत्राची कॉइल, म्हणजे खालची तारेच्या वेढ्यांची चकती, जमिनीला समांतर, दोन बोटे उंच ठेवून हळूहळू फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे, नाहीतर मधली जागा सुटते आणि ती सुटल्याचे कळतही नाही.

सुरुवात करण्यापूर्वी तशाच वजनाची दुसरी अंगठी पांढऱ्या दोऱ्याला बांधून त्याच शेतात दोन इंच खाली पुरा आणि यंत्र कसा आवाज देते, पडद्यावर कोणता आकडा दाखवते, ते लिहून ठेवा. पुढे तोच आवाज शोधायचा. पातळ सोन्याचा संकेत बहुधा औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटासारखाच येतो, त्यामुळे कचरा टाळण्यासाठी यंत्रावर त्या संकेताची पट्टी बंद केली, म्हणजे तशा धातूंवर यंत्र गप्प राहील असे केले, तर अंगठीही वगळली जाईल. फक्त लोखंड बंद ठेवा आणि बाकी प्रत्येक आवाज उकरून पाहा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : शोध होईपर्यंत त्या तुकड्यात कोळपे किंवा नांगर घालू नका आणि शोध लांबणीवर टाकू नका. पावसाळ्यात काळी जमीन फुगलेली असते, पण ती वाळू लागली की भेगाळते आणि उन्हाळ्यात त्या भेगा हातभर, काही ठिकाणी त्याहूनही खोल जातात. अंगठी भेगेत गेली आणि पुढच्या पावसात भेग मिटली, तर ती कोणत्याही हौशी यंत्राच्या आवाक्याबाहेर जाते.

याच विषयावर वसमतहून एका ताईंनी मंगळसूत्राबद्दल विचारले आहे. बारीक साखळी डिटेक्टरला फार कठीण जाते, कारण यंत्राने निर्माण केलेला विद्युतप्रवाह धातूत भोवऱ्यासारखा गोल फिरावा लागतो आणि साखळीत तो एकेका इवल्या कडीपुरताच फिरतो. मंगळसूत्राच्या वाट्या मात्र सलग पत्र्याच्या असल्याने त्या लागतात. म्हणून चाचणीसाठी साखळी न घेता वाटीच घ्यावी. तुटलेले किंवा तोंड उघडे असलेले कडेही याच कारणाने अखंड कड्यापेक्षा क्षीण आवाज देते.

प्रश्न : घरी हवेत नाणे धरले तर माझी मशीन जवळजवळ फुटावरून वाजते. शेतात नेली की एकतर सतत वाजत राहते, नाहीतर वीतभर खालचे नाणेही सापडत नाही. मशीन खराब आहे का? (शिक्षक, ता. गंगापूर)

मशीन बहुधा खराब नाही. आपल्या जमिनीसाठी ती अपुरी आहे, आणि स्वस्त यंत्रांविषयी मराठवाड्यातल्या हौशी माणसाने सर्वांत आधी हेच समजून घ्यायला हवे.

आपली काळी माती बेसाल्टपासून बनली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या खडकात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात आणि खडक झिजून झालेल्या मातीतही ती उरतात. साधा लोहचुंबक कोरड्या मातीत फिरवला की त्याला काळी पूड चिकटते, ती हीच. डिटेक्टरची एक कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते आणि दुसरी परत आलेला बदल टिपते. आपल्याकडे त्या बदलाचा मोठा हिस्सा मातीचाच असतो, आणि नाण्याचा बारीक संकेत त्यात बुडून जातो. शिवाय कॉइलच्या मानाने वस्तू दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच तिचा संकेत सुमारे 64 पट क्षीण होतो. वीतभर खोलीवरचे नाणे सापडते आणि दीड वितीवरचे मुळीच सापडत नाही, ते यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स, अर्थात जमिनीचा संकेत मोजून तो वजा करण्याची सोय. बहुतेक स्वस्त यंत्रांत हे मूल्य कारखान्यातच कायमचे बसवलेले असते आणि ते सौम्य मातीला धरून असते. तुमच्या यंत्रात ते बदलता येत नसेल, तर संवेदनशीलता निम्म्यावर आणा. हे उलटे वाटेल, परंतु खनिजांनी भरलेल्या जमिनीत संवेदनशीलता कमी केल्यावर मातीची बडबड थांबते आणि नाणे ऐकू येऊ लागते. कॉइलची उंची सारखी ठेवा, कारण ती वर-खाली झाली की जमीन स्वतःच वाजते. डीपीच्या आणि विजेच्या तारांच्या आसपासही यंत्र विनाकारण वाजते, तेव्हा वीजपंप बंद करून आणि तारांपासून लांब जाऊन एकदा पाहा.

चाचणीचे नाणेही नीट निवडा. एक-दोन रुपयांची आजची नाणी पोलादाची असून लोहचुंबकाला चिकटतात आणि अनेक यंत्रे त्यांना लोखंड समजून गप्प बसतात. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे किंवा घरात उरलेले ॲल्युमिनियमचे षट्कोनी वीस पैसे घ्या, मात्र प्रत्येक वेळी तेच नाणे वापरा. विक्रेत्याने सांगितलेला खोलीचा आकडा हवेतला असतो, तो काळ्या मातीला लावू नका.

प्रश्न : छंद म्हणून घ्यायचे आहे. दहा हजारांच्या आतले घेऊ की वीस-पंचवीस हजारांपर्यंत थांबू? (वाचक, नांदेड)

थांबा. हरवलेली एखादी वस्तू एकदा शोधायची असेल तर स्वस्त यंत्र पुरते, पण दर रविवारी फिरायचे असेल तर ते तुम्हाला महिन्याभरात कंटाळा आणेल. स्वस्त गटातल्या एमडी-4030 सारख्या यंत्रांवर लोखंड वेगळे काढण्याची सोय असते, पण जमीन जुळवण्याची नीट सोय नसते. गॅरेटचे एस 250 हे नावाजलेले यंत्र 6.5 किलोहर्ट्झवर चालते, बांधणीला चांगले आहे, तरीही त्याचा ग्राउंड बॅलन्स कायम बसवलेलाच आहे. याउलट नोक्ताच्या सिम्प्लेक्स प्लसमध्ये 12 किलोहर्ट्झवर ग्राउंड बॅलन्स आपोआपही करता येतो आणि हातानेही. आपल्या जमिनीसाठी मी नावापेक्षा या एका सोयीला पैसे देईन. नवे परवडत नसेल तर अशी सोय असलेले वापरलेले यंत्र घ्या, आणि घेण्यापूर्वी ते दुकानाच्या फरशीवर न पाहता मातीवर फिरवून पाहा.

उरलेल्या पैशांतून पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी, आणि हेडफोन घ्या. पिनपॉइंटरमुळे खड्डा लहान राहतो, पीक वाचते आणि वेळही वाचतो.

प्रश्न : मी जुनी नाणी जमवतो. आमच्या गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, पावसानंतर खापरे आणि कधीकधी नाणी दिसतात. तेर, पैठण भागातही जाण्याचा विचार आहे. स्वस्त मशीनने सुरुवात करू का? (वाचक, जि. धाराशिव)

तुमची आवड मनापासून आवडली, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो : या कामासाठी यंत्र स्वस्त घ्यावे की महाग, हा प्रश्नच येत नाही. ते तिथे नेऊच नये.

तेर म्हणजे प्राचीन तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान, भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सातवाहन काळातल्या या नगरांच्या आसपास आणि गावोगावच्या पांढरीत थरावर थर साचले आहेत. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या जोत्याजवळ मिळाले, यावरून त्या थराचा काळ ठरतो. यंत्र वाजले म्हणून कुदळ मारून नाणे वर काढले की ती माहिती कायमची जाते, आणि हातात उरलेला तुकडा बाजारातल्या कोणत्याही नाण्यासारखा मुका होतो. आपल्या भागाचा लिखित इतिहास त्या काळासाठी फार थोडा आहे, जे काही आहे ते मातीतच आहे.

कायदाही याबाबत ढिला नाही. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. जागा, तारीख आणि वस्तूचे स्वरूप त्यात द्यावे लागते, आणि न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 1958 च्या कायद्याखाली केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्थळी परवान्याशिवाय खोदता येत नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळाभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. राज्य सरकारने संरक्षित केलेल्या गढ्या-किल्ल्यांना 1960 चा राज्याचा कायदा लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी व वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शेत तुमचे स्वतःचे असले तरी निखात निधीचा कायदा सुटत नाही.

तांत्रिक बाजूही पाहा. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. त्यांचा संकेत तांब्या-चांदीसारखा ठणठणीत येत नाही, तो कचऱ्याच्या पट्टीत पडतो. शिवाय पांढरीत राख, भाजलेल्या विटा आणि जळालेली माती असते, आणि मातीला आच लागली की तिचा चुंबकीय गुण वाढतो. म्हणजे साधे यंत्र जिथे सर्वांत जास्त गोंधळते, तीच ही जागा.

पांढरीची माती शेतात टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे पांढरीपासून लांबच्या शेतातही नाणे मिळू शकते. तसे मिळाले तर घासून, लिंबू लावून चमकवू नका. जागेचा फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे आज शासकीय संग्रहालय झाले आहे. एका गावातल्या एका माणसाच्या आवडीने काय उभे राहते, ते एकदा जाऊन पाहा. नाणी ओळखायला शिकण्यासाठी ते संग्रहालय कोणत्याही यंत्रापेक्षा उपयोगी आहे.

प्रश्न : एक माणूस तीस फूट खालचे फक्त सोने दाखवणारी मशीन आणतो म्हणतो. वाड्यात धन आहे असे आजोबा सांगायचे. बोलवावे का? (वाचक, ता. माजलगाव)

बोलवू नका. तीस फुटांवरचे दागिने दाखवणारे आणि त्यातही फक्त सोने निवडणारे हातातले यंत्र अस्तित्वात नाही. हातात धरलेली फिरती कांडी आणि तिला जोडलेली डबी हा निव्वळ फसवणुकीचा प्रकार आहे. त्याने पूजा, उतारा किंवा बळीची भाषा काढली तर तत्काळ पोलिसांत जा. गुप्तधनाच्या नावाने केलेली अघोरी कृत्ये 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत, आणि अशा प्रकारांत माणसांचे जीव गेले आहेत.

प्रश्न : पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीखाली गाडला गेला आहे. साध्या मशीनने सापडेल का? (शेतकरी, ता. औसा)

व्हॉल्व्ह लोखंडी असेल तर सापडेल, कारण वस्तू मोठी आहे आणि दोन फुटांपर्यंत तिचा संकेत येण्याची बरीच शक्यता असते. पीव्हीसीचा पाइप मात्र कोणत्याही डिटेक्टरला दिसत नाही. लोखंड वगळण्याची सोय बंद करायला विसरू नका. एवढ्या कामासाठी विकत घेण्यापेक्षा यंत्र कुणाकडून दोन दिवस मागून आणा.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी घरी मेटल डिटेक्टर करता येईल का? (विद्यार्थिनी, नववी, हिंगोली)

नक्की येईल, आणि तू तो कर. सर्वांत सोपा प्रकार दोन ऑसिलेटरांचा, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा विद्युत संकेत तयार करणाऱ्या दोन मंडलांचा. एकाची वारंवारता स्थिर असते, दुसऱ्याला मोठी कॉइल जोडलेली असते, आणि दोघांतला फरक शिट्टीसारखा ऐकू येतो. कॉइलजवळ धातू आला की तिचे प्रेरकत्व बदलते आणि शिट्टीचा सूर चढतो किंवा उतरतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमलची तांब्याची तार सुटी मिळते. ती प्लॅस्टिकच्या ताटाच्या कडेने सारख्या वेढ्यांनी घट्ट गुंडाळ आणि चिकटपट्टीने पक्की कर, कारण एक वेढा हलला तरी सूर बदलतो. खोली काही बोटांचीच मिळेल. प्रदर्शनात दोन वाडगी ठेव, एकात नदीची धुतलेली खडी आणि दुसऱ्यात काळी माती, आणि तेच नाणे दोन्हींत सारख्याच खोलीवर पुरून सूर किती बदलतो ते पाहणाऱ्यांना ऐकव. आधी नाण्याशिवाय दोन्ही वाडग्यांवर कॉइल धरून सुराची नोंद घे, म्हणजे मातीचा वाटा किती आणि नाण्याचा किती, हे तुला वहीत वेगळे मांडता येईल.